मंडळाची भांडी

मागच्या उन्हाळ्यात जुन्या नाशकातून काकांचा फोन आला. काका म्हणजे नात्यातले नव्हेत. आमच्या गल्लीत समोरच्या वाड्यात राहणारे, मंडळाचे चिटणीस, वय ऐंशीच्या पुढे. म्हणाले, "वाडा उतरवायचं नक्की झालं. पावसाळ्याच्या आत खोली रिकामी करून द्यायची आहे. रविवारी ये. भांडी मोजायची आहेत."

लग्न झाल्यापासून मी इंदिरानगरला राहते. आमच्याकडे जुन्या नाशकाला अजून 'गाव' म्हणतात. गंगापूर रोडला, सिडकोत, पाथर्डी फाट्याला, कुठेही राहायला गेलेलं माणूस सराफ बाजाराकडे निघालं की "गावात जाऊन येते" म्हणतं. त्या रविवारी मी दोन तासांसाठी म्हणून गावात गेले आणि अंधार पडल्यावर परतले. हातांना चिंचेचा आणि तांब्याचा वास लागला होता. तो दोन दिवस गेला नाही.

आमची गल्ली तिवंधा चौकापासून हाकेच्या अंतरावर, तांबटांच्या वस्तीतली. खोली आमच्याच वाड्याच्या देवडीला लागून. दिंडी दरवाज्यातून वाकून आत शिरलं की डाव्या हाताला. मला आठवतं तेव्हापासून तिथे मंडळाचीच भांडी आहेत. किल्ली काकांच्या देवघरात, शंखाच्या मागे. लहानपणी गल्लीत कुणाकडे मुंज, बारसं, तेरावं असलं की त्या घरचं कुणीतरी किल्ली मागायला यायचं, आणि किल्ली मागितली यावरूनच गल्लीला कळायचं की त्यांच्याकडे कार्य निघालंय.

दार उघडलं तेव्हा आत उंदरांनी सतरंज्यांचा भुगा केलेला. वर कडीपाटातून पांढरी माती गळून सगळ्यावर साय धरावी तशी धरलेली. खाली मात्र सगळं होतं तसं. पाच तपेली एकात एक बसवलेली. त्यातल्या सगळ्यात मोठ्यात मी पाच वर्षांची असताना लपून बसले होते आणि मला बाहेर काढायला दोघांना बोलवावं लागलं होतं. चार हंडे. सात पराती. दोन कढया, एकीचा कान तुटलेला. तीन घंगाळं, एक बंब, वाढपाच्या पितळी बादल्या, ओगराळी, पळ्या, झारे, भात उपसायच्या वेळण्या. पाण्याचे तांबे आणि पेले इतके, की काकांनी त्यांचा आकडा शेवटी ठेवला.

काका वही घेऊन खुर्चीवर बसले. मी एकेक भांडं उजेडात आणून पुसायचं, त्यावरचं नाव वाचायचं आणि त्यांनी ते वहीतल्या नोंदीशी ताडून बरोबरची खूण करायची, असं ठरलं.

भांड्यावर नाव घालायची पद्धत सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. लग्नात मिळालेल्या ताटावर आहेर करणाऱ्याचं नाव, तांब्यावर मामाचं. आता भांड्यांच्या दुकानात मशीन घरघरतं आणि मिनिटभरात नाव उमटतं. आमच्या गल्लीत ते हातानं व्हायचं. छिन्नीचं टोक टेकवायचं, हलका ठोका, ठिपका. पुन्हा ठोका, ठिपका. अशा ठिपक्यांतून अक्षर उभं राहायचं. गल्लीतल्या म्हाताऱ्या तांबटांचं अक्षर छापील अक्षरापेक्षा देखणं होतं. 'श्री'ची वेलांटी काढताना त्यांचा हात जराही कापत नसे.

मी वाचत गेले. "कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ." "मुलाच्या मुंजीप्रीत्यर्थ." एका हंड्यावर "चिरंजीव मॅट्रिक पास झाल्याबद्दल". ते चिरंजीव पुढे मुंबईला नोकरीला गेले आणि परत आले नाहीत, पण हंडा राहिला. एका परातीवर ना नाव ना निमित्त, नुसतं "मागची खोली". वाड्याच्या मागच्या बाजूला, हौदापलीकडे एक बिऱ्हाड होतं. एकाच खोलीत आठ माणसं. त्यांनी कधी ना कधी पैसे जमवून मंडळाला परात दिली आणि मालकांसारखं आपलं आडनाव टाकण्याऐवजी जिथे राहतो ती जागा टाकली. मी ती परात वाचली तेव्हा काकांनी मान वर केली नाही, पण लिहिता लिहिता म्हणाले, "वर्षभर एक आणा, दोन आणे असे दिले होते त्यांनी. मला आठवतं."

नाशिकच्या तांब्यापितळेचं नाव फार जुनं. १८८३ साली निघालेल्या जिल्ह्याच्या गॅझेटियरातही इथल्या भांड्यांच्या धंद्याची दखल आहे. मोगलांच्या काळात गावाला गुलशनाबाद म्हणत, पेशवाईत ते पुन्हा नाशिक झालं, सरकारवाडा उभा राहिला, घाट बांधले गेले, गोदेकाठी देवळं वाढली. आणि देवळं आली की समया, घंटा, ताम्हनं, अभिषेकाची गळती आलीच. दर बारा वर्षांनी सिंहस्थ. यात्रेकरू इथून दोन गोष्टी हमखास न्यायचा: तांब्याच्या गडूत भरून गंगा आणि घरासाठी पितळेचं एखादं भांडं. (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. बाहेरच्यांना गोंधळायला होतं.) तांबट आळीत पत्रा तापवायचा, खरवईवर, म्हणजे तांबटांच्या ऐरणीवर, धरून ठोकायचा, मठारायचा. मठारणं म्हणजे भांड्याच्या अंगभर सारख्या अंतरावर ठोके घालत जाणं. त्यानं पत्रा घट्ट होतो, आणि अंगावर ती चकचकीत टिपं उठतात, जी लोकांना नक्षी वाटते. नक्षी ती आहेच, पण आधी ती बळकटी आहे.

तो आवाज आमच्या गल्लीचं घड्याळ होता. सकाळी सुरू व्हायचा, दुपारी जेवणाला थांबायचा, दिवेलागणीला बंद. आई सांगायची की लग्न होऊन आली तेव्हा पहिले सहा महिने तिचं डोकं ठणकायचं, आणि पुढे माहेरी गेली की शांततेनं झोप लागायची नाही. मग स्टील आलं. हलकं, कल्हई नको, आंबट चालतं, घासायला सोपं. बायकांनी स्टीलला जवळ केलं यात त्यांचं काही चुकलं नाही. बंबाला राख-चिंच लावून ज्यांचे हात फुटले त्यांनाच त्याचं मोल कळतं. एकेक ठोका कमी होत गेला. आता गल्लीत तांबट उरले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि बाकीच्या दुकानांत माल बाहेरून येतो. इंदिरानगरला आमच्या खिडकीशी कडुलिंबावर उन्हाळ्यात तांबट पक्षी बसतो. टुक्, टुक्, टुक्, एका लयीत. त्याला हे नाव देणारा माणूस अशाच एखाद्या गल्लीत राहिलेला असला पाहिजे.

मंडळ का निघालं, याचं कारण ही भांडीच. गणपती नंतर आला. एखाद्या घरी लग्न निघालं की दोन-तीनशे पानं उठायची, आणि एवढ्या स्वयंपाकाची भांडी एका घरात असणं शक्यच नव्हतं. श्रीमंतांकडे होती, पण श्रीमंताकडे मागायला जायचं म्हणजे त्याच्या ओझ्याखाली राहायचं. भांडी करणारे हात तर गल्लीतच होते. मग चार घरांनी पत्रा दिला, दोघांनी मजुरी घेतली नाही, आणि पहिलं तपेलं झालं. ते तपेलं कुणाचं, असा प्रश्न आला तेव्हा ते 'मंडळाचं' ठरलं. म्हणजे आधी तपेलं, मग मंडळ. वर्गणी, अध्यक्ष, चिटणीस, पंचमीची सभा, हे सगळं त्या तपेल्याच्या मागून आलं. पुढे रीतसर नोंदणी झाली, धर्मादाय आयुक्तांकडे खातं गेलं. गणपती बसू लागला, आरास होऊ लागली. धुळवडीला वीरांची मिरवणूक निघाली की गल्लीच्या तोंडाशी पाणी घेऊन उभं राहायचं कामही मंडळानं अंगावर घेतलं. रंगपंचमीच्या आदल्या रात्री आमची मोठी कढई फुलांचा रंग उकळायला जायची. नाशकाबाहेरच्यांसाठी सांगते: आमच्याकडे रंगपंचमीला रहाडी उघडतात. रहाड म्हणजे भर चौकात जमिनीखाली बांधलेला दगडी हौद. वर्षभर त्यावर लाकडी ओंडके आणि माती, वरून वाहनं धावतात. रंगपंचमीला तो खणून काढतात, धुतात, पूजा करतात, रंगानं भरतात आणि माणसं त्यात उड्या घेतात. त्या उडीला 'धप्पा' म्हणतात. माझे दोन्ही भाऊ दरवर्षी तिवंध्याला धप्पा मारून पिवळेजर्द होऊन यायचे. कढई परत यायची तीही पिवळी, आणि ती घासायचं काम आमच्याकडे.

एका तपेल्यावर "गल्लीच्या वर्गणीतून, १९६९" असं आहे. ते मी वाचलं तेव्हा काकांनी पेन खाली ठेवलं.

१० सप्टेंबर १९६९. नाशकात त्या पुराची गोष्ट न ऐकता कुणी मोठं झालेलं नाही. आमच्याकडे पूर फुटात मोजत नाहीत. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं, असं सांगतात. त्याच्याही वर गेलं तर नारोशंकराच्या घंटेचं नाव निघतं. ती घंटा वसईच्या विजयानंतर आलेली, रामेश्वराच्या देवळाच्या वेशीवर टांगलेली. त्या दिवशी गोदेनं कसलंच माप ठेवलं नाही. सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल सगळं पाण्यात. आमची गल्ली उंचावर. खालची माणसं मुलांना खांद्यावर घेऊन वर आली. नाना, म्हणजे माझे वडील, तेव्हा तिशीतले. ते सांगायचे, वाड्याच्या चौकात तीन चुली मांडल्या आणि मंडळाची होती नव्हती ती सगळी तपेली चढली. खिचडी. डाळ संपली तर नुसता भात आणि मीठ. कोण आलं, कुठून आलं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. दोन दिवस आणि दोन रात्री. एक तपेलं सतत चढून चढून बुडाला गेलं. त्याच्या जागी हे आलं.

२००८ साली आणि पुन्हा २ ऑगस्ट २०१६ ला सराफ बाजारात पाणी शिरलं, तेव्हाही तपेली चढली. पण तोवर बिस्किटांचे पुडे आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन येणारे बरेच होते. १९६९ ला तसं कुणी नव्हतं.

या तपेल्याला जोडून दुसरी एक गोष्ट आहे. नानांनी ती मला फार उशिरा सांगितली, आणि ती मी वगळली तर बाकी सगळं लिहिण्याला अर्थ नाही.

वहीच्या पहिल्या पानावर भांड्यांचे नियम आहेत. भांडी घासून परत करावीत. पोचा आल्यास दुरुस्ती घेणाऱ्यानं करावी. त्यात एक ओळ होती: "सभासदांखेरीज कोणासही भांडी देऊ नयेत." आणि सभासद कुणाला करून घ्यायचं, हे न लिहिताच सगळ्यांना ठाऊक होतं. गल्लीचे संडास आणि गटारं साफ करणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या मुलीचं लग्न निघालं. ते दिंडी दरवाज्याबाहेर उभे राहून म्हणाले, एक तपेलं आणि दोन पराती मिळतील का, मी घासून, विस्तवातून काढून आणून देईन. ही विस्तवाची गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली, यानं नानांना आयुष्यभर चैन पडलं नाही. समिती दोन रात्री बसली. नाही म्हणून ठरलं. नाही म्हणणाऱ्यांत नाना होते.

आमच्या गल्लीतून निघून नदी ओलांडली की काळाराम मंदिर पायी पंधरा-वीस मिनिटांवर. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं. दरवाजे बंद राहिले. पाच वर्षं तो लढा चालला, आणि १९३५ साली, याच जिल्ह्यात येवल्याला, बाबासाहेबांनी धर्म सोडण्याचा निर्धार जाहीर केला. त्या पाच वर्षांत आमच्या गल्लीतलं कोण कुठे उभं होतं, हे कुठल्याच भांड्यावर लिहिलेलं नाही. पण स्वातंत्र्य मिळाल्यानंतरही किती वर्षं आमची तपेली बंद होती, ते वहीत लिहिलेलं आहे.

पुरानंतरच्या पहिल्या सभेत काका चिटणीस झाले. पंचविशीतला पोरगा. त्यांनी ती ओळ शाईनं खोडली आणि वर लिहिलं, "जो मागेल त्यास." पुराच्या दोन रात्री याच तपेल्यांतून कोण जेवलं ते आपण विचारलं का, एवढंच ते सभेत म्हणाले. तीन घरांनी आपली नावं घातलेली भांडी परत नेली. वहीत त्या नोंदींपुढे अजून रिकाम्या जागा आहेत. आणि ते गृहस्थ पुन्हा कधी भांडी मागायला आले नाहीत. त्यांच्या मुलीचं लग्न भाड्याच्या भांड्यांवर कधीच होऊन गेलं होतं.

खोडलेली ओळ मी त्या रविवारी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. शाई विटली आहे, पण खालचं सगळं वाचता येतं. काका म्हणाले, "पूर्ण काळी केली नाही मी. मुद्दामच."

वहीत बायकांची नावं शोधली. समितीत एकही नाही, आजतागायत. भांडी घासली ती मात्र सगळी आम्हीच. आई, समोरच्या काकू, मागच्या खोलीतली मावशी, आणि दहा-बारा वर्षांच्या आम्ही पोरी. चौकातल्या नळाशी ओळीनं बसायचं, विटेची पूड, राख, चिंचेचा कोळ. कल्हईवाला आला की मजा असायची. भाता हलवायला मिळायचा. तापलेल्या भांड्यात नवसागराचा धूर उठला की सगळ्यांना ठसका, मग कथलाचा तुकडा फिरवायचा आणि काळंकुट्ट पोट एका हातासरशी चांदीसारखं. कान तुटलेल्या कढईवर मला ठिपक्यांत "महिला भिशी" ही अक्षरं सापडली. आईनं हे कधी सांगितलं नव्हतं. काका म्हणाले, "तुझ्या आईनंच जमवले होते पैसे. कढईवर स्वतःचं नाव घालू दे म्हटलं तर म्हणाली, बाराजणींचं घालायला जागा आहे का?"

मग माणसं गेली. हे सगळीकडचंच, थोडक्यात सांगते. कारखाने सातपूर-अंबडला आले, सिडकोची घरं झाली, मुलांना स्वतंत्र खोल्या हव्या झाल्या. एकेका वाड्याला पंधरा-वीस वारस आणि तेवढेच भाडेकरू. भाडं इतकं किरकोळ की मालक डागडुजी करत नाही, आणि भाडेकरू सोडत नाही कारण सोडून जाणार कुठे. गल्ली अरुंद म्हणून नव्या बांधकामाला हवी तेवढी परवानगी मिळत नाही. दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, दर पावसाळ्यात कुठलीतरी भिंत बसते. आमच्या वाड्याची मागची बाजू दोन वर्षांपूर्वी रात्री बसली. मागची खोली त्यातच गेली. तेव्हा तिथे कुणी राहत नव्हतं, एवढं देवानं केलं. मंडळाच्या कागदावरचे विश्वस्त एकामागून एक वारले. नवी नावं चढवायचा चेंज रिपोर्ट अडकून पडलाय. कायद्यानं पाहिलं तर मंडळ म्हणजे पाच मृत माणसं आणि एक काका.

रविवारी संध्याकाळी चौकात वीस-बावीस जण जमले. निम्मे माझ्यासारखे, बाहेरून आलेले. एका तरुण मुलानं सरळ मुद्दा मांडला. आता कार्यालयात लग्नं होतात, केटरर स्वतःची भांडी आणतो, गॅसवर हे तपेलं तापेपर्यंत अर्धा तास जातो. मोडीत द्यावं, तांब्यापितळेला भाव आहे, येणाऱ्या पैशात गल्लीत कॅमेरे बसवू, दोन म्हाताऱ्यांच्या औषधांचं बघू. तो मुलगा वाईट बोलत नव्हता. औषधांचं त्यानं नावानिशी सांगितलं, कुणाचं काय थकलंय ते त्याला ठाऊक होतं, मला नव्हतं. कुणी म्हणालं संग्रहालयाला द्या. कुणी म्हणालं सिंहस्थ तोंडावर आलाय, अन्नछत्राला द्या.

मी उठून बोलले. त्या चौकात सभेत बाई पहिल्यांदाच बोलत असेल. मी म्हटलं, मोडीत गेलं की वजन तेवढं होतं, नावं वितळतात. आणि काचेमागे ठेवलं तर त्यात कुणी भात शिजवणार नाही. तीनशे पानांचं तपेलं एका घरासाठी करत नाहीत. ते कुणाच्या तरी दारात मागायला जाण्यासाठी आणि मागितलं तर देण्यासाठी केलेलं असतं. औषधांचे पैसे आपण आत्ता इथे वर्गणीनं काढू. ते त्याच बैठकीत निघाले, त्या मुलानंच लिहून घेतले.

भांडी वाटून घ्यायची ठरली. मालकीनं नव्हे, सांभाळायला. ज्याच्याकडे जे जाईल ते वहीत लिहायचं, फोनवरच्या गटात त्याची यादी टाकायची, आणि नियम एकच, खोडलेल्या ओळीच्या वरचा. कल्हईवाला शोधायला काकांना आठवडा लागला. मोठं तपेलं कुणाच्याच फ्लॅटच्या दारातून आत जाईना. ते शेवटी म्हसरूळला एकाच्या शेतातल्या घरी गेलं. मला "मागची खोली" मिळाली, म्हणजे मी मागून घेतली. आईची कढई धाकट्या भावाकडे गेली.

परात माझ्याकडे गौरी-गणपतीपर्यंत होती. मग एक फोन आला, अनोळखी आवाज. "ताई, मंडळाची परात तुमच्याकडे आहे ना? घरी बारसं आहे." स्कूटरवर आला, परात पुढे मावेना, मागे दोरीनं बांधली. चार दिवसांत आणतो म्हणाला. चार दिवसांनी त्याचाच फोन: देवळालीगावात त्याच्या मेहुण्यांकडे सत्यनारायण आहे, तिकडे देऊ का? द्या म्हटलं. तिथून ती कुणाच्या तरी तेराव्याला गेली. मी काकांना कळवत राहिले. काका प्रत्येक वेळी विचारतात, "घासून दिली का?" आणि लिहून घेतात.

काल त्यांच्याकडे गेले होते. वाड्याच्या जागी आता पत्रे लावलेत. वही त्यांनी देवघरात नेलीय, किल्लीच्या जागी, शंखाच्या मागे. शेवटची नोंद दाखवली. अक्षर कापरं झालंय, पण वाचता येतं: परात एक, मागची खोली, ओझर.